'से बो' की 'से बेल'?

फ्रेंचमध्ये विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, हे तुम्हांला ठाऊक असेलच. मराठी माणसाला त्याचे नवलही वाटत नाही, कारण चांगला, चांगली, चांगले असे आपण बोलू लागल्यापासून करत आलो आहोत. मला नडला तो हाच आत्मविश्वास. डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या बी-१ पातळीची तयारी करताना मी निबंधात 'ला मेर, से बेल' ('समुद्र, ते सुंदर आहे') असे लिहिले. 'सुंदर'चे पुल्लिंगी रूप 'बो' आणि स्त्रीलिंगी 'बेल'. समुद्र फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे हे घोकून पाठ केलेले असल्यामुळे, 'बेल' खोडून वर 'बो' लिहिलेली वही परत आली तेव्हा शिक्षकांचीच चूक झाली असावी, असे मला प्रामाणिकपणे वाटले.

चूक माझी होती. 'ला मेर ए बेल' या वाक्यात कर्ता समुद्रच आहे, म्हणून विशेषण स्त्रीलिंगी होते. 'ला मेर, से बो' मध्ये मात्र कर्ता 'से'मधले 'स' ('ते') हे सर्वनाम आहे. समुद्राचे नाव आधी येऊन बाजूला राहिलेले असते, आणि 'से'नंतर एकटे येणारे विशेषण पुल्लिंगी एकवचनीच राहते. नाम अनेकवचनी असले तरी तेच. क्रेप हा पदार्थच चविष्ट असतो, असे म्हणायचे तर 'ले क्रेप, से बॉं'. समोरच्या ताटलीतल्या क्रेपांविषयी म्हणायचे तर 'एल सॉं बॉन'. 'से'नंतर नाम आले, की विशेषण पुन्हा त्या नामाच्या ताब्यात जाते आणि 'सुंदर शहर' हे 'बेल व्हिल'च होते.

ॲपवरचे रकाने भरून हे समजत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि 'कानाला बरे वाटेल ते लिहा' असे सांगणाऱ्या शिक्षकांपासून तर दूरच राहावे. आपल्या कानाला मराठीची सवय असते. पण तीच सवय उपयोगीही पडते. 'पहाटे उठणे चांगले', 'काहीतरी चांगले' असे म्हणताना आपण नकळत नपुंसकलिंग वापरतो. लॅटिनमधले नपुंसकलिंग फ्रेंचमध्ये उरले नाही आणि त्याचे काम पुल्लिंगी एकवचनाकडे आले. म्हणूनच 'शोज' (गोष्ट) स्त्रीलिंगी असूनही 'केल्क शोज द बो' ('काहीतरी सुंदर') हेच बरोबर ठरते.

'ऑं' या सर्वनामाने मला अजूनही अडखळायला होते. 'माणूस घरी परतला की समाधानी असतो' अशा सर्वसाधारण विधानात 'कॉंतां' एकवचनी राहते, पण 'ऑं' म्हणजे 'आम्ही' असेल तर शेवटी अनेकवचनाचा 'एस' लागतो आणि तो उच्चारात ऐकूच येत नाही. बोलताना त्याची काळजी करू नका. लिहिताना मात्र तो 'ऑं' नेमका कोण, हे प्रत्येक वेळी ठरवूनच पुढे जा.