जुनी बेसबॉल कार्डं लिलावात घेताय? आधी एक फाटकं कार्ड विकत घ्या

माझ्या टेबलाच्या खणात बेब रूथचं, म्हणजे बेसबॉलमधल्या सगळ्यात गाजलेल्या खेळाडूंपैकी एकाचं, एक कार्ड पडलंय. १९३३ चं गाउडी कंपनीचं, नंबर ५३, पिवळ्या बॅकग्राउंडवालं. म्हणजे विकणाऱ्याने तसं लिहिलं होतं. मी ऑनलाइन लिलावात त्याचे ३१० डॉलर मोजले आणि मोजताना मनात उकळ्या फुटत होत्या, कारण हे खरं कार्ड कोपरे झिजलेलं, घड्या पडलेलं असलं तरी काही हजारांच्या खाली मिळत नाही आणि मला वाटलं की बिचाऱ्याला माहितीच नाही आपण काय विकतोय. त्याला सगळं माहीत होतं, माहीत नव्हतं ते मला.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी मूळचा सांगलीचा, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत. बेसबॉलशी संबंध शून्य होता, पोरगा लिटल लीगमध्ये खेळायला लागला तेव्हा शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसता बसता खेळ कळायला लागला. मग एका गराज सेलमध्ये पाच डॉलरला खोकंभर कार्डं मिळाली. ती सगळी ऐंशी-नव्वदच्या दशकातली होती, त्या काळात कंपन्यांनी इतकी बेसुमार छापलीत की इथे त्या मालाला जंक वॅक्सच म्हणतात, किंमत नाहीच. पण चाळताना मजा यायला लागली, लहानपणी बबलगमच्या पाकिटातली क्रिकेटर्सची चित्रं जमवायचो ते आठवलं, आणि इथलीही जुनी कार्डं च्युइंगमबरोबरच यायची हे कळल्यावर तर मी गेलोच कामातून. त्याआधीची तर सिगरेटच्या पाकिटात यायची.

तर रूथ घरी आला. हातात घेतल्यावर काहीतरी खटकलं पण काय ते सांगता येईना, कारण मी आयुष्यात खरं गाउडी कार्ड हातात धरलंच नव्हतं. इथेच सगळी गोम आहे. आपण इंटरनेटवर शंभर फोटो बघतो, व्हिडिओ बघतो आणि वाटतं आता ओळखता येईल. नाही येत. सराफ सोनं नुसतं डोळ्याने बघत नाही, कसाच्या दगडावर घासतो आणि ज्याचा कस माहिती आहे त्या सोन्याच्या रेघेशी ताडून बघतो. आपल्याला तशी एक खात्रीची रेघ लागते.

म्हणून नवीन माणसाला माझा पहिला सल्ला हाच, की ज्या सेटमधलं, म्हणजे कंपनीने एकत्र काढलेल्या ज्या मालिकेतलं, मोठं कार्ड घ्यायचंय त्याच सेटमधलं सगळ्यात फालतू, कुणालाही नको असलेलं कार्ड आधी घ्या. इथे त्यांना कॉमन म्हणतात, म्हणजे ज्या खेळाडूला आज कुणी ओळखत नाही त्याचं कार्ड. त्यात कोपरा फाटका असेल, डाग असेल तर अजून स्वस्त. अशा फालतू कार्डांची नक्कल सहसा कुणी करत नाही, दहाची खोटी नोट कोण छापत बसणार? मी नंतर १९३३ च्या गाउडीचं एक कॉमन एका जुन्या दुकानातून घेतलं, वरच्या बाजूला टाचणीचं भोक आहे, कुणा पोराने तेव्हा भिंतीला लावलं असणार. बावीस डॉलर. ते आणि माझा रूथ शेजारी शेजारी ठेवले आणि दोन मिनिटांत निकाल लागला. कॉमनचा पुठ्ठा जाड, थोडा खरखरीत, कोपऱ्यांवर कागदाचे थर सुटून जुन्या दोरीच्या टोकासारखे तंतू निघालेले. माझ्या रूथचे चारही कोपरे एकसारखे गोल, जसं कुणी सॅंडपेपर फिरवलाय, आणि पिवळटपणाही सगळीकडे सारखा, चहात बुडवून वाळवल्यासारखा. खरं वय असं मोजून मापून येत नाही, कडेला जास्त येतं, मध्ये कमी, एखादा कोपरा जातो आणि एखादा बचावतो.

मग भिंग घेतलं. घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं, दहा पटीचं पुरतं, तीस पटीचं असेल तर उत्तम, वीसेक डॉलरला मिळतं. आता नीट वाचा कारण इथे नवीन लोक हमखास चुकतात. सगळे सांगतात की ठिपके दिसले की नकली. अर्धंच खरं आहे हे. जुन्या कार्डातही चित्राच्या भागात ठिपके असतात, टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या कार्डांत खेळाडूच्या चेहऱ्यावर भिंग धरलंत तर ठिपकेच दिसणार आणि तुम्ही उगाच घाबराल. बघायचं ते चित्राच्या बाहेर. नावाची अक्षरं, चौकटीची काळी रेघ, मागचा मजकूर. मूळ छपाईत ही शाई सलग, भरीव असते, अक्षराची कड स्वच्छ. नकली बनवणारा काय करतो, अख्खं कार्ड स्कॅन करतो आणि परत छापतो, त्यामुळे अक्षरंसुद्धा चित्राचाच भाग होऊन जातात आणि भिंगाखाली काळ्या अक्षराच्या कडेला निळे, गुलाबी, पिवळे ठिपके फुलासारखे पसरलेले दिसतात. माझ्या रूथच्या मागचा हिरवा मजकूर तसाच निघाला. बावीस डॉलरवाल्या कॉमनच्या मागचा हिरवा रंग मात्र एकच हिरवा, पाटीवर पेनाने लिहावा तसा.

सिगरेटवाल्या कार्डांचं, म्हणजे १९०९ ते १९११ मध्ये आलेल्या टी२०६ सेटचं थोडं वेगळं आहे. ती लिथोग्राफीची छपाई, एकावर एक रंग चढवलेले, त्यातही बारीक ठिपके दिसतात पण ते वेडेवाकडे, हाताने टिपल्यासारखे पडलेले असतात. आजच्या छपाईचे ठिपके बहुतेक वेळा रांगेत, शिस्तीत बसतात. खालचं नाव तपकिरी शाईत असतं आणि ते भरीवच पाहिजे. एकदा डोळ्याला हा फरक बसला की मग विसरत नाही.

तिसरी वस्तू म्हणजे अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. ही माझी सगळ्यात आवडती, कारण हिचं उत्तर मला सांगलीच्या घरातल्या बादलीत सापडलं. आई पांढऱ्या शर्टांना टिनोपॉल घालायची आठवतंय? शर्ट निळसर पांढरे झळकायचे. ते रसायन अदृश्य किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं, आणि त्याच जातीची रसायनं साधारण दुसऱ्या महायुद्धानंतर कागद पांढरा दिसावा म्हणून कागदातही घालायला लागले. म्हणजे १९३३ च्या कागदात ते असायचं कारणच नाही. मी रात्री दिवे बंद करून टॉर्च मारला. कॉमन बिचारं मंद, मातकट, निपचित पडलेलं. शेजारी रूथसाहेब गणपतीतल्या लायटिंगसारखे झळकतायत! बायको दारातून म्हणाली, अरे हा तर तुझ्या बनियनसारखा चमकतोय.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. चमकलं नाही म्हणजे खरंच आहे असं नाही, काही महाभाग जुन्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर छापतात. आणि पन्नासच्या दशकापासून पुढच्या कार्डांना ही एकटी परीक्षा लावू नका, तिथे परत तुमचं कॉमनच कामाला येतं, दोन्ही सारखीच दिसतात का ते बघायचं.

मापाचं पटकन सांगतो. १९५२ चं टॉप्स कार्ड २⅝ बाय ३¾ इंच असतं, आजचं नेहमीचं माप २½ बाय ३½, जे टॉप्सने १९५७ पासून धरलं. टॉप्सने स्वतःच १९८३ मध्ये ५२ च्या सेटचं रीप्रिंट काढलं होतं ते लहान मापात आहे, आणि मागे तसं लिहिलेलंही असतं. तरी त्यातलं मिकी मॅंटल या गाजलेल्या खेळाडूचं कार्ड, नंबर ३११, मूळ म्हणून खपवणारे भेटतात, मागचा तो शब्द खरवडतात आणि म्हणतात वहीत चिकटवलं होतं म्हणून कागद निघाला. खऱ्या मॅंटलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १२.६ मिलियन डॉलरला गेलं, म्हणजे मोह का होतो ते समजू शकतो. फोटोत फूटपट्टी शेजारी ठेवून पाठवा असं विकणाऱ्याला सरळ सांगायचं. खरा माणूस पाठवतो, थोडा कुरकुरतो पण पाठवतो.

माप कमी भरलं तर दुसरीही शक्यता असते, कार्ड खरं पण कडा कापलेल्या. झिजलेली कड कापली की कार्ड नव्यासारखं दिसतं. हे फक्त भुरटे करतात असं समजू नका. टी२०६ मधलं होनस वॅगनर या खेळाडूचं सगळ्यात गाजलेलं कार्ड, जे १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या टीमचा मालक ब्रूस मॅकनॉलने ४,५१,००० डॉलरला घेतलं आणि जे पीएसए या कार्ड तपासणाऱ्या कंपनीने ग्रेड (म्हणजे दर्जाचा आकडा) दिलेलं पहिलंच कार्ड, ते कापलेलं होतं. लिलावाच्या धंद्यातला मोठा माणूस बिल मॅस्ट्रोने २०१३ मध्ये कोर्टात ते कबूल केलं, लिलावात खोट्या बोली लावून भाव चढवल्याचंही कबूल केलं, आणि २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला कुणीतरी सारखं तुमच्यावर बोली लावतंय तर तो खरा गिऱ्हाईक असेलच असं नाही. आपला आकडा आधी कागदावर लिहून ठेवायचा आणि त्याच्यावर गेलं की लॅपटॉप बंद. मला हे अजून जमत नाही, ते सोडा.

आता लिस्टिंग, म्हणजे विकणाऱ्याने साइटवर टाकलेली जाहिरात, कशी वाचायची, कारण भिंग आणि टॉर्च कार्ड हातात आल्यावर, लिलावात आपल्याकडे फक्त फोटो आणि चार ओळी असतात. मी बोली लावण्याआधी सगळ्यात पहिलं काय बघतो तर विकणाऱ्याचा बाकीचा माल. आजोबांच्या माळ्यावर सापडलेला खरा खजिना असेल तर त्यात ऐंशी टक्के कचरा असायलाच पाहिजे, पोरांनी पाकिटं फोडली तेव्हा प्रत्येकात काय बेब रूथ निघत नव्हता. आणि ज्याच्याकडे रूथ, टाय कॉब, मॅंटल, जॅकी रॉबिन्सन असे फक्त हिरेच हिरे आहेत आणि एकही ऐरागैरा नाही तिथे पाणी मुरतंय. माझ्या विकणाऱ्याचं नंतर उघडून बघितलं तर त्याने दोन महिन्यांत चार रूथ विकले होते. चारही त्याच आजोबांचे.

मग भाषा. मला कार्डातलं काही कळत नाही, असेल तसं विकतोय, खरं की रीप्रिंट तुम्हीच ठरवा, परत घेणार नाही. हे असं लिहिणाऱ्याला सगळं कळत असतं. ज्याला खरंच कळत नाही तो जवळच्या दुकानात नेऊन विचारतो, कारण हजारो डॉलरचा प्रश्न असतो. काही जण रीप्रिंट हा शब्द वर्णनाच्या सातव्या ओळीत, शिपिंगच्या माहितीत घालून ठेवतात, नंतर भांडायला गेलात तर म्हणतात लिहिलं होतं की. फोटो धूसर, मागची बाजू नाही, किंवा कार्ड ओरखडे पडलेल्या जाड प्लास्टिकमध्ये स्क्रूने आवळलेलं म्हणजे काहीच धड दिसू नये. पाठीमागचा फोटो मागितला आणि उत्तर नाही आलं तर तेच उत्तर समजायचं.

स्लॅबमधलं घ्या म्हणजे टेन्शन नाही, असंही तुम्हाला सांगतील. स्लॅब म्हणजे पीएसए, एसजीसी, बेकेट यांनी तपासून, ग्रेड देऊन प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेलं कार्ड. महाग कार्डाला मी पण आता तेच घेतो. पण डब्यासुद्धा नकली येतात, किंवा डबी खरी आणि आतलं कार्ड बदललेलं. लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघायचा, तेवढ्यावर थांबायचं मात्र नाही, कारण खरा नंबर कुठल्याही लिलावाच्या फोटोवरून उचलता येतो. तिथे कार्डाचा फोटो असेल तर ताडून बघा. चारी बाजूंची पांढरी पट्टी कुठे जाड कुठे बारीक आहे, छपाईचा एखादा ठिपका कुठे पडलाय, घडी कुठून जाते, हे प्रत्येक कार्डाचं वेगळं असतं, अंगठ्याच्या ठशासारखं. डबीच्या कडा पांढुरक्या, चिरलेल्या, गोंद लावल्यासारख्या दिसल्या तर नको.

पैसे क्रेडिट कार्डाने किंवा साइटच्याच पद्धतीने द्या. मित्राला पाठवतो तसे पाठवा म्हणजे फी वाचेल असं कुणी म्हणालं तर तिथेच नमस्कार करायचा. पार्सल उघडताना मोबाईलवर शूट करा, आणि भिंग-टॉर्चची तपासणी त्याच दिवशी करा, परतीची मुदत संपल्यावर नाही. मी नेमकं उलटं केलं. कार्ड आलं तेव्हा फ्रेम करून हॉलमध्ये लावलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं, मराठी मंडळाच्या पाडव्याला तर खिशातून नेलं होतं, आणि तपासायला दोन महिने लावले. तोवर मुदत गेली होती आणि विकणाऱ्याचं अकाउंटही.

फ्रेम आता रिकामी आहे. पोरगा म्हणतो त्यात टाचणीचं भोक असलेलं बावीस डॉलरवालं लावूया, पण ते मला सारखं लागतं, परवाच एका १९३३ वाल्याला मी मागची बाजू आणि फूटपट्टीचा फोटो मागितलाय. अजून उत्तर नाही.