‘जिझेल’चा पहिला प्रयोग: या चुका टाळा

‘जिझेल’ या बॅलेतली मुख्य भूमिका पहिल्यांदा करणारी नर्तिका सहसा नाचात अडत नाही, नाच महिनोन्‌महिने घोटलेला असतो. ती अडते बुटांत, केसांत आणि झग्यात.

पायाच्या टोकावर नाचायचे दोन्ही बूट सारखेच ठेवणं. पहिल्या अंकातल्या सोलोत डाव्या पायाच्या टोकावर उड्या मारत रंगमंच तिरका ओलांडायचा असतो. १८४१च्या पॅरिसमधल्या मूळ प्रयोगात हा सोलो नव्हता. तो पुढे रशियात घातला गेला आणि प्रत्येक जिझेलच्या मानगुटीवर बसला. उडी मारताना घोटा घट्ट आणि गुडघा किंचित वाकलेला हवा. तळव्याखालची शँक, म्हणजे बुटातली ताठ पट्टी, मऊ पडली असेल तर पाऊल पुढे कलंडतं आणि चार-पाच उड्यांतच टोक सुटतं. म्हणून डावा बूट जास्त कडक ठेवा. आदल्या दिवशी बॉक्समध्ये, म्हणजे बुटाच्या कडक टोकात, आतून सुपरग्लूचे थेंब सोडा आणि रात्रभर वाळू द्या. ऐनवेळी विंगेत ओतू नका. सुती कापडावर तो तापतो, चटका बसतो.

तेच बूट दुसऱ्या अंकात घालणं. तिथे जिझेल भूत आहे, आणि भुताच्या पावलांचा टकटक आवाज येत नाही. बॉक्स ठोकून मऊ केलेला, रिबिनी शिवलेला दुसरा जोड तयार हवा.

केसांवर स्प्रेचा मारा. वेड लागण्याच्या प्रसंगात केस मोकळे सुटायला हवेत. स्प्रे जास्त झाला की ते सुटत नाहीत, अख्खा गोळा एका कानावर लोंबकळतो, आणि करुण प्रसंगात प्रेक्षक हसतात. अंबाडा मोजक्या पिनांवर तोला. गिरक्यांमध्ये तो टिकला पाहिजे आणि पिना ओढताच सुटला पाहिजे. त्या पिना नेमक्या कुठे आहेत, हे त्या ओढणाऱ्या जिझेलच्या आईची भूमिका करणारीला ठाऊक हवं. रंगीत तालमीची वाट न पाहता हे आधीच करून बघा.

मध्यंतरात तेच विस्कटलेले केस कानांवरून घेऊन मागे बांधायचे असतात. आधी केस, मग पांढरी रंगभूषा, शेवटी झगा. हे चालू असताना पोटऱ्या गार पडतात, तेव्हा लेगवॉर्मर काढू नका.

तोकड्या स्कर्टमध्ये तालीम. दुसऱ्या अंकातला झगा पोटरीपर्यंत लांब, जाळीच्या थरांचा असतो. उचलताना जोडीदाराच्या हातात कंबरेऐवजी जाळी येते, पकड घसरते. किमान दोन आठवडे तशाच लांबीच्या स्कर्टमध्ये उचलण्या करा.

बुरखा पक्का खोचणं. अनेक निर्मितींत थडग्यातून आल्यावर तो झटक्यात ओढला जातो आणि लगेच वेगवान गिरक्या सुरू होतात. अडकला तर पहिला ठेका हुकलाच! तो नुसता अलगद अडकवा.

लयीचं नंतर बघू म्हणणं. पियानोवर तालीम करणारा तुमच्याकडे बघून थांबतो. वाद्यवृंद तसा थांबेलच असं नाही. दुसऱ्या अंकातल्या व्हायोलाच्या संथ सुरांवर पाय हळूहळू वर न्यायचा असतो. लय जरा जास्त ओढली गेली की आधाराचा पाय थरथरू लागतो. वाद्यवृंदाच्या संचालकाला भेटून ती जागा आणि डाव्या पायाच्या उड्या, दोन्ही स्वतः गुणगुणून दाखवा.