रक्तातलं अल्कोहोल मोजताना: टॉक्सिकॉलॉजीत नव्याने येणाऱ्यांसाठी

जीसी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ (नमुन्यातले घटक वायुरूपात वेगळे करून मोजणारं यंत्र), चालवणं लवकर जमतं. नमुना जीसीपर्यंत कोणत्या अवस्थेत पोहोचला हे ओळखायला मात्र वेळ लागतो, आणि कोर्टात उलटतपासणी तिथेच होते.

महाराष्ट्रात दोन मर्यादा पाठ हव्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅ. दारूबंदी कायद्याच्या कलम ६६ मध्ये ०.०५ टक्के, म्हणजे ५० मिग्रॅ. रक्त कसं घ्यायचं हे दारूबंदी कायद्याखालच्या १९५९ च्या नियमांत आहे: शिरेतलं ५ मिलि रक्त, बाटलीत प्रिझर्वेटिव्ह आणि अँटिकोॲग्युलंट, त्वचेला कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोल लावायचं नाही. सवयीने फिरवलेला स्पिरिटचा बोळा निकालात फारसा फरक पाडेलच असं नाही, पण बचाव पक्षाला तेवढं पुरतं.

बाटली आली की आधी सील पत्रावरच्या नमुना-सीलशी ताडून पाहा. मग लेबल, आकारमान, गुठळ्या. सोडियम फ्लोराइड (हेच प्रिझर्वेटिव्ह) दर मिलिला १० मिग्रॅ असावं. ते कमी पडलं आणि बाटली उन्हाळ्यात बाहेर राहिली, तर कँडिडासारखे जंतू रक्तातल्या साखरेपासूनच अल्कोहोल तयार करतात. उलट, बाटली अर्धीच भरलेली किंवा झाकण सैल असेल तर अल्कोहोल उडून जातं. जे दिसेल ते त्याच वेळी वर्कशीटवर लिहा. वर्षभराने साक्षीला उभं राहिल्यावर तोच कागद उपयोगी पडतो.

हेडस्पेससाठी, म्हणजे बंद कुपीत रक्तावर जमलेली वाफ जीसीत सोडण्यासाठी, १०० मायक्रोलिटर रक्तात १ मिलि इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात घालायचं दुसरं द्रव्य) घालून व्हायल लगेच क्रिंप करा, म्हणजे झाकण दाबून घट्ट बंद करा. एवढं पातळ करण्यामागे कारण आहे: फ्लोराइडच्या क्षारामुळे जास्त अल्कोहोल वाफेत ढकललं जातं आणि आकडा बिघडू शकतो, अकरापट पातळ केल्यावर हा परिणाम जवळजवळ संपतो. गुठळी असेल तर रक्त आधी होमोजिनाइज करा, नाहीतर पिपेटमध्ये निव्वळ सीरम येतं. सीरममधलं अल्कोहोल पूर्ण रक्तापेक्षा सरासरी १.१५ पट असतं. हॉस्पिटलचा रिपोर्टही बहुतेकदा सीरमचाच असतो, तो तसाच ३० मिग्रॅच्या मर्यादेशी जुळवायचा नाही. प्रत्येक नमुना दोनदा, वेगवेगळ्या पोलॅरिटीच्या दोन कॉलमवर (जीसीतल्या घटक वेगळे करणाऱ्या नळ्यांवर) चालवा. एकाच कॉलमवरच्या रिटेन्शन टाइमने (घटक कॉलममधून बाहेर पडायला लागणाऱ्या वेळाने) इथेनॉलची, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलची, ओळख पक्की होत नाही. कुजलेल्या मृतदेहाच्या रक्तासाठी एन-प्रोपॅनॉल इंटर्नल स्टँडर्ड नको, कारण कुजताना ते स्वतःच तयार होतं, टर्ट-ब्युटॅनॉल घ्या. असं रक्त हृदयातलं न घेता मांडीच्या शिरेतलं मागवा आणि सोबत डोळ्यातला व्हिट्रियस हा द्रवही. व्हिट्रियसमध्ये इथेनॉल नाही पण रक्तात आहे, असं दिसलं तर ते मृत्यूनंतर तयार झाल्याचा संशय घ्यायलाच हवा.

अंदाज बांधायची वेळ आली की विडमार्कचं सूत्र: ग्रॅममधलं अल्कोहोल भागिले (किलोतलं वजन गुणिले आर). आर म्हणजे शरीराच्या वजनाच्या किती भागात अल्कोहोल पसरतं ते. आर पुरुषांत सरासरी ०.६८, स्त्रियांत ०.५५. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ६० मिलिचे दोन पेग म्हणजे १२० × ०.४२८ × ०.७८९, साधारण ४०.५ ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषात ते ०.८५ येतं. इथे बरेच विद्यार्थी थांबतात. हा आकडा एक किलो रक्तामागचा आहे. रक्ताची घनता १.०५५ धरून गुणलं की लिटरमागे ०.९० ग्रॅम, म्हणजे ९० मिग्रॅ टक्के मिळतात. जेवणासोबत प्यायल्यास प्रत्यक्ष शिखर याहून खालीच राहतं.

मागे मोजताना, म्हणजे अपघाताच्या वेळचं प्रमाण काढताना, अल्कोहोल घटण्याचा ताशी १५ मिग्रॅ हा एकच दर वापरू नका. तो व्यक्तीगणिक साधारण १० ते २५ असतो. अपघात रात्री ११ चा, रक्त २ वाजता घेतलं आणि २४ मिग्रॅ आलं, तर उत्तर ५४ ते ९९ असंच द्यायचं. तेही अपघातापूर्वी शोषण पूर्ण झालं होतं हे गृहीत धरून, आणि ते गृहीतक रिपोर्टमध्ये लिहून. शेवटचा पेग पावणेअकराला घेतल्याचा जबाब असेल, तर मागे मोजायला नकार द्या. नमुन्यात २० मिग्रॅपेक्षा कमी असेल तरीही, कारण तिथे घट सरळ रेषेत राहत नाही.