घरगुती टँक प्रेशर लॉगर बनवताय? या चुका टाळा

स्कुबा डायव्हमध्ये पाठीवरच्या हवेच्या टँकचं प्रेशर दर काही सेकंदांनी मेमरी कार्डवर लिहून ठेवायचं, मग घरी येऊन आपण हवा किती खाल्ली ते बघायचं, एवढंच काम आहे ना, मग टँकचं प्रेशर डायव्ह कॉम्प्युटरला पाठवणारा महागडा ट्रान्समीटर कशाला, असं म्हणून बरेच जण ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि ५००० पीएसआयचा (साधारण ३४५ बार) स्वस्तातला सेन्सर मागवतात. आयडिया चांगलीच आहे, पण पैसे वाचवायच्या जागा चुकतात.

पहिली गंमत म्हणजे वायफाय. पाण्याखाली २.४ गिगाहर्ट्झ काही सेंटिमीटरमध्येच मरतो, कोड कितीही बदला. डेटा वर आल्यावरच काढा.

दुसरं, रीडिंग हलतं म्हणून सेन्सरला शिव्या घालू नका, आधी सप्लाय मोजा. हे सेन्सर ५ व्होल्टवर ०.५ ते ४.५ व्होल्ट देतात, पण सप्लायच्या प्रमाणात. बॅटरी उतरून ५ चे ४.८ झाले की २०० बारचे १९० दिसतात, म्हणजे न घेतलेले श्वास लॉगमध्ये! सप्लाय आणि सिग्नल दोन्ही एडीएस१११५ या वेगळ्या एडीसी चिपने (व्होल्टेज मोजून आकडा देणारी) मोजा आणि गुणोत्तर काढा. ईएसपी३२ चा स्वतःचा एडीसी सरळ रेषेत चालत नाही, त्याच्या नादी लागू नका.

पहिल्या पाच मिनिटांत हवा भसाभसा संपलेली दिसते का? उन्हात तापलेला ४० डिग्रीचा टँक २८ डिग्रीच्या पाण्यात गेला की २०० चे १९२ बार आपोआप होतात. हा बग नाही, फिजिक्स आहे, टेंपरेचरही लॉग करा.

आता खरी भीतीची जागा. बाजारातल्या एचपी होजच्या (गेजकडे जाणारी हाय प्रेशर नळी) फर्स्ट स्टेजकडच्या (टँकवर बसणारा रेग्युलेटरचा भाग) टोकाला बारीक भोक असतं, काही फुटलं तरी हवा हळू जावी म्हणून, आणि घरगुती अ‍ॅडॉप्टरमध्ये नेमकं तेच नसतं. फर्स्ट स्टेजवरच्या एचपी पोर्टचा आटा ७/१६ यूएनएफ (सरळ), सेन्सरचा बहुतेक १/८ एनपीटी (निमुळता), टेफ्लॉन टेप गुंडाळून जबरदस्ती करू नका, ओ-रिंगवाला आणि त्या प्रेशरचा अ‍ॅडॉप्टर घ्या. आणि सर्किटच्या वॉटरप्रूफ डब्याला रिलीफ व्हॉल्व्ह (आतलं जास्तीचं प्रेशर बाहेर सोडणारी झडप) हवाच. सेन्सर आतून लीक झाला आणि डब्यात नुसते १० बार जास्तीचे साचले तरी २५ चौरस सेंटिमीटरच्या झाकणावर अडीचशे किलोचा जोर येतो, त्यात खाली असताना बाहेरचं पाणी झाकण दाबून धरतं, त्यामुळे ते उडणार नेमकं तुम्ही वर येऊन तोंडाजवळ धरल्यावर.

नेहमीचा गेज काढून त्या जागी हे लावायचं तर अजिबात नाही, दुसरा एचपी पोर्ट वापरा.

आणि पहिल्या टेस्टला सर्किट घालूच नका. रिकाम्या डब्यात टिश्यू पेपर ठेवा, वजन बांधून दोरीने बोटीवरून खाली सोडा, अर्ध्या तासाने काढा, आणि झाकण स्वतःकडे न धरता उघडा.