भुयारी मेट्रो स्थानक: आधी जिना मोजा, मग पाणी

भुयारी स्थानकाचं डिझाइन जिन्यापासून सुरू करा. समजा, दर ३ मिनिटांनी गाडी येते आणि ऐन गर्दीत ६०० माणसं उतरतात. एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला साधारण ५६ जण चढतात, म्हणजे २.४ मीटरच्या एका जिन्याला सगळे वर न्यायला साडेचार मिनिटं लागतील. तोवर पुढची गाडी येणार आणि फलाट तुंबणार. असे दोन जिने लागतातच. एक सरकता जिना दुरुस्तीत आहे असंच धरून हिशेब करा. आगीसाठी एनएफपीए १३०चा (मेट्रो-रेल्वेच्या अग्निसुरक्षेचं अमेरिकी मानक) निकष वेगळा: ४ मिनिटांत फलाट रिकामा, ६ मिनिटांत सगळे सुरक्षित जागी.

जिन्याच्या तोंडाशी पावसात लोक थबकणारच. तिथे छपराखाली ऐसपैस जागा सोडा, स्टॉल मुळीच नको. २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर पावसातल्या चेंगराचेंगरीत २३ जीव गेले.

आता पाणी. मुंबईत पावसाळ्यासाठी भूजल जमिनीलगत धरा. तळ १५ मीटर खोल असेल तर स्लॅबला खालून दर चौरस मीटरला १५ टनांचा रेटा बसतो. दीड मीटर जाड स्लॅबचं वजन जेमतेम पावणेचार टन. बाकीचं भिंती, छत आणि वरच्या भरावाने तोलायचं. कमी पडलं तर अँकर, म्हणजे स्लॅब खालच्या खडकाला जखडणाऱ्या पोलादी सळ्या. बांधकाम चालू असताना भराव पुरा होण्याआधी भूजलाचा उपसा थांबला तर स्लॅब उचलला जातो, सांधे फुटतात. म्हणून तोवर जनरेटरवरचे राखीव पंप हलवू नका.

रस्त्यावर तुंबलेलं पाणी आत शिरू नये म्हणून प्रवेशद्वारी रस्त्यावरून आधी दोन-तीन पायऱ्या वर, मगच खाली. शेजारी रॅम्प हवाच.