वेगासला आई-बाबांना घेऊन जाताय? आधी फ्रिजसाठी फोन करा

मित्राचे आई-बाबा नाशिकहून येतायत आणि तो त्यांना घेऊन वेगासला लक्सर नावाच्या कसिनो हॉटेलात राहणार आहे, साधी रूम, तीन रात्री. त्याच्यासाठी लिहायला घेतलं आणि मग वाटलं सगळ्यांसाठीच लिहावं, कारण मागच्या जूनमध्ये माझ्याकडून जे राहून गेलं ते दुसऱ्या कुणाच्या बाबांच्या वाट्याला यायला नको. तेच आधी सांगते. घरातलं कुणी इन्सुलिन घेत असेल तर रूममध्ये फ्रिज असेलच असं धरून चालू नका. बहुतेक कसिनो हॉटेलांच्या साध्या रूममध्ये एकतर फ्रिजच नसतो, नाहीतर विकायच्या पेयांनी-खाऊने भरलेला मिनीबार असतो, आणि मिनीबार म्हणजे फ्रिज नव्हे. हॉटेलला आधी फोन करून औषधासाठी फ्रिज हवाय असं सांगायचं, मेडिकल फ्रिज म्हटलं की त्यांना कळतं. हा फोन मी केला नव्हता.

बुकिंगचं थोडक्यात. रूमच्या रात्रीच्या भाड्याचा आकडा बघून खूश होऊ नका, त्यावर रिसॉर्ट फी असते, म्हणजे हॉटेलची सक्तीची जादा फी, रात्रीमागे वेगळी, आणि टॅक्स. १२ मे २०२५ पासून नियम आलाय की या सक्तीच्या फीसकट आकडा सुरुवातीलाच दाखवायचा, पण पार्किंग त्यात नसतं आणि डिपॉझिटही नसतं. शुक्रवार-शनिवार टाळता आले तर टाळा, जानेवारीत सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन असतं तेव्हा आणि नोव्हेंबरात फॉर्म्युला वनच्या आठवड्यात तर बघूच नका. बेड दोन हवेत हे नुसतं टिक करून भागत नाही, ती विनंती असते, हमी नसते. आणि दुसऱ्या वेबसाइटवरून बुक केलंत तर तिथे लिहिलेली फ्रिजची नोंद हॉटेलपर्यंत पोचतेच असं नाही! म्हणून हॉटेललाच फोन. एकदा बुकिंग झाल्यावर, एकदा निघायच्या आदल्या दिवशी. समोरच्याचं नाव विचारून लिहून ठेवा.

रूम कुठली घ्यायची यावर लक्सरपुरतं सांगते. १९९३ ला उघडलेलं हॉटेल, तीस मजल्यांचा पिरॅमिड आणि बाजूला नंतर बांधलेले दोन टॉवर. पिरॅमिडच्या रूम भिंतीच्या उताराला लागून आहेत म्हणून खिडकी तिरकी असते, आणि लिफ्टसुद्धा सरळ न जाता ३९ अंशात तिरकी वर सरकते. मुलांना भारी मजा येते. पण वर बाहेर पडलं की कॉरिडॉर आतल्या बाजूने उघडा, कठड्यावरून खाली बघितलं तर थेट तळमजला. माझ्या आईला उंचीवर गरगरतं, तिला मी तिथे कधीच ठेवणार नाही. ज्यांना चक्कर, व्हर्टिगो वगैरे आहे त्यांच्यासाठी टॉवरमधली रूम मागा. शॉवर आहे की टब तेही विचारा, टबची कड ओलांडून आत उतरणं सत्तरीच्या माणसाला अवघड जातं. आणि आई-बाबांना आत सगळं इजिप्त दिसेल असं सांगू नका, २००७ नंतर आतली सजावट बरीचशी काढली, बाहेरचा स्फिंक्स आणि पिरॅमिड तेवढा पोटभर बघायला मिळतो.

बॅग. कपडे तुमचे तुम्ही बघाल. आई-बाबांचे पासपोर्ट मूळ, झेरॉक्स नाही. ओठांना व्हॅसलीन आणि खोबरेल, तिथली हवा इतकी कोरडी की दुसऱ्या दिवशी ओठ फुटतात. पाण्याच्या बाटल्या भरपूर, रूममध्ये ठेवलेली बाटली बहुतेक वेळा फुकट नसते. केटल, कारण साध्या रूममध्ये चहाची सोय नसते आणि बाबांना सकाळी सहाला चहा लागतो, तेव्हा त्यांना कसिनोतून चालत चालत कॉफीच्या रांगेत उभं करणार का? फक्त भारतातून आणलेली २२०-२३० व्होल्टची केटल नेऊ नका, इथे अमेरिकेत १२० व्होल्ट, त्यामुळे ती जेमतेम पाव ताकदीने चालते आणि पाणी कोमट होऊन बसतं. इथलीच घ्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खाकरे. वेळेवर जेवण मिळालं नाही तर शुगर खाली जाते, म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या पर्समध्ये, सुटकेसमध्ये नाही.

आणि इन्सुलिन. न उघडलेली पेनं २ ते ८ डिग्रीत लागतात, चालू पेन साधारण रूमच्या तापमानाला महिनाभर चालतं, नेमकं किती ते तुमच्या पेनाच्या कागदावर बघा आणि डॉक्टरांना विचारून घ्या. आईसपॅकच्या पाऊचमध्ये ठेवायची, पण आईसपॅकला पेन थेट टेकवायचं नाही, मध्ये रुमाल. गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी वापरता येत नाही. सगळी पेनं एका पाऊचमध्ये ठेवू नका, निम्मी वेगळी.

लॉस एंजेलिसकडून आय-१५ हायवेने जाणार असाल तर चार-पाच तास, शुक्रवारी दुपारी निघालात तर जास्त. वाटेत बेकर गावाला तो मोठा थर्मामीटर आहे, १३४ फूट उंच, कारण १९१३ साली डेथ व्हॅलीत १३४ फॅरनहाइट नोंदलं गेलं होतं. बाबांना तिथे फोटो हवा होता, आम्ही उतरलो, नंतर तिथेच खाऊन घेतलं, पाऊण तास गेला, आणि पाऊच गाडीत. बंद गाडीत. जूनमध्ये! वेगासमध्ये ७ जुलै २०२४ ला १२० फॅरनहाइट झालं होतं, म्हणजे जवळजवळ ४९ सेल्सिअस, आणि बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी वर जातं. तर पाऊच उतरताना हातात घ्यायचं, पाच मिनिटांसाठी उतरलात तरी.

पोचल्यावर आम्ही हॉटेलात (नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही, सगळीकडे हेच असतं) रांगेत चाळीस मिनिटं उभे, रूममध्ये गेलो तर मिनीबार गच्च भरलेला. बाबांनी ज्यूसच्या दोन बाटल्या आणि चॉकलेट काढून टेबलावर ठेवलं आणि पेनं आत ठेवली. मिनीबारच्या ट्रेला सेन्सर असतो. वस्तू उचलून थोडा वेळ बाहेर राहिली की बिलात लागते, प्यायलात की नाही हे कुणी बघत नाही. काही ठिकाणी स्वतःची वस्तू आत ठेवली म्हणूनही वेगळे पैसे लावतात. मला ते उशिरा कळलं, मी पेनं बाहेर काढली आणि कॉरिडॉरच्या मशीनमधून बर्फ आणून आईसबकेटमध्ये ठेवली. थेट बर्फावर. घाईत रुमाल घातलाच नाही. सकाळी बाबा पलंगाच्या कडेवर बसून एकेक पेन दिव्यासमोर धरून बघत होते, आतलं पाणी गढूळ दिसतंय का, कण दिसतायत का. दोन पेनं होती. गोठून परत वितळली असतील का हे सांगता येईना, म्हणून दोन्ही टाकली. त्यांच्या प्रकारचं इन्सुलिन इथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही, आणि व्हिजिटर इन्शुरन्समध्ये आधीपासूनचा मधुमेह बसत नव्हता. शर्टाच्या खिशातलं चालू पेन होतं म्हणून निभावलं, आम्ही एक दिवस आधी परत निघालो. बाबा सगळ्या रस्त्यात मलाच समजावत होते की काही झालं नाही. एका फोनने हे सगळं टळलं असतं.

म्हणून काउंटरवर की कार्ड हातात घ्यायच्या आधी विचारायचं, फ्रिजची नोंद आहे का. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड द्या, डेबिट नको, होल्ड केलेले पैसे खात्यात परत दिसायला दिवस लागतात. रूममध्ये गेल्यावर बॅगा उघडायच्या आधी फ्रिज आलाय का बघा, नसेल तर लगेच खाली फोन, आणि तो येईपर्यंत पेनं पाऊचमध्येच. फ्रिज आल्यावर आतल्या मागच्या भिंतीला पेनं टेकवू नका, तिथे बर्फ धरतो. मिनीबारला कुणीच हात लावायचा नाही, लहान मुलांना पहिल्या पाच मिनिटांतच सांगून ठेवा.

फिरणं. नकाशावर शेजारी दिसणारी हॉटेलं चालायला लांब असतात, स्ट्रिप, म्हणजे ही हॉटेलं असलेला मुख्य रस्ता, साधारण सात किलोमीटर आहे, आणि रूमपासून रस्त्यापर्यंत जायलाच बहुतेक ठिकाणी अख्खा कसिनो ओलांडावा लागतो, तिथे सिगारेटचा धूर. दम्याचं कुणी असेल तर त्याचा विचार करा. २१ च्या खालच्यांना कसिनोतून फक्त पुढे जाता येतं, थांबता येत नाही. लक्सरहून एक्सकॅलिबर आणि मांडले बे ला फुकट ट्राम आहे, ती वापरा. पॅरिस हॉटेलचा आयफेल टॉवर ५४० फूट, खऱ्याच्या साधारण निम्मा, रात्री दिवे लागल्यावर बघा. व्हेनिशियन हॉटेलचा कालवा इमारतीच्या आतूनही आहे, दुपारच्या उन्हात तिथे न्या, एसी आहे. बाकी तुमचं तुम्ही ठरवा. दुपारी दोन ते पाच बाबांना बाहेर काढू नका एवढंच.

निघायच्या दिवशी साधारण अकराला रूम सोडायची असते. बिल आदल्या रात्रीच टीव्हीवर किंवा ॲपवर बघा, मिनीबारचं काही लागलं असेल तर तिथेच काउंटरवर जाऊन काढायला सांगा, घरी आल्यावर फोनवर खूप वेळ जातो. चार्जर, चष्मा, केटल. आणि दार ओढून घ्यायच्या आधी फ्रिज उघडून बघा, पेनं आतच राहतात.