रमजानमध्ये मस्कतला शिकवायला जाताय? मग एवढं वाचूनच जा

गल्फमध्ये रमजान म्हणजे महिनाभर सगळं बंद आणि आपण उपाशी, असं आपल्याकडे बरेच जण सांगतात, त्यांचं फार मनावर घेऊ नका. मी पाहुणी शिक्षिका म्हणून मस्कतला गेले ते नेमकं रमजानात, आणि सुरुवातीला मलाही वाटलं की गावात कोणी राहतं की नाही, दुपारी तीनला रस्त्यावर चिटपाखरू नसायचं आणि रात्री अकराला मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा नसायची. सगळा दिनक्रमच रात्रीकडे सरकलेला असतो. म्हणून बँक, सिमकार्ड, व्हिसाचे कागद असली कामं सकाळीच उरका. मुस्लिम कर्मचाऱ्यांना कायद्यानेच दिवसाला जास्तीत जास्त सहा तास काम असतं, त्यामुळे दीड वाजता ऑफिसात गेलात तर हात हलवत परत याल. आणि सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी शाळा, हे डोक्यात बसायला जरा वेळ लागतो.

आता खाण्याचं. ओमानमध्ये रमजानात दिवसाउजेडी उघड्यावर खाणं-पिणं हा गुन्हा आहे, दहा दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि यात पाणी, च्युइंगम, सिगारेट सगळं आलं, गाडीत बसून प्यायलेलं पाणीसुद्धा. घाबरू नका, बंद दाराआड तुम्ही काय खाता ते कोणी विचारत नाही. बऱ्याच शाळांत रोजा नसलेल्या स्टाफसाठी एखादी खोली ठरवलेली असते, ती कुठली हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. सुपरमार्केट दिवसाही उघडी असतात, हॉटेलं मात्र बहुतेक संध्याकाळीच उघडतात, तेव्हा डबा करायची सवय लावा. आपल्याकडे एकादशीला साबुदाण्याची खिचडी चापून वर चहा होतो, तिथे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही, आणि तरी समोरचा माणूस हसून बोलत असतो, हे बघितल्यावर आपोआपच बाटली पर्समध्ये खाली सरकते.

वर्गाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हे कुठल्याच ट्रॅव्हल व्हिडिओत सापडत नाही. गणित, व्याकरण, जे काही डोकं खाणारं असेल ते पहिल्या दोन तासांत घ्या. शेवटच्या तासाला अर्धा वर्ग हनुवटी हातावर टेकवून बसलेला असतो, मुलं रात्री तरावीहनंतर (रमजानातली रात्रीची खास नमाज) उशिरापर्यंत जागी आणि पहाटे सुहूरला (रोजा सुरू व्हायच्या आधीचं खाणं) परत उठलेली, तेव्हा त्यांना आळशी म्हणू नका, तेव्हा गोष्ट वाचा, चित्रं काढायला द्या. पीटीला पळायला लावू नका. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: "तुझा रोजा आहे का?" असं वर्गात सगळ्यांसमोर कोणालाच विचारायचं नाही. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नसतो, आजारी असेल त्याला सूट असते, आणि पाळीच्या दिवसांत मुली रोजा ठेवत नाहीत. आठवी-नववीतल्या मुलीला पोरांसमोर हा प्रश्न विचारलात तर तिने काय उत्तर द्यायचं? लहानगी मात्र स्वतःहून येऊन सांगतात, "टीचर, आज मेरा रोजा है", तेव्हा कौतुक करा, भरपूर करा. हो, हिंदी मस्कतमध्ये पुष्कळ चालतं.

कोणी इफ्तारला, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडायला, बोलावलं तर जा, उगाच संकोच करू नका. फक्त अजानच्या आधीच्या अर्ध्या तासात रस्त्यावर नका राहू, सगळे घरी पोचायच्या घाईत असतात आणि गाड्या सुसाट सुटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्यास्त सहा-सव्वासहाच्या सुमाराला, म्हणजे साडेपाचला पोचलेलं बरं. जमिनीवर मोठं प्लॅस्टिक अंथरलेलं असतं, त्यावर खजूर, ताक (तिथे लबन म्हणतात), सांबुसे, सूप आणि ते जांभळं व्हिम्टो सरबत, जे मला अजिबात आवडलं नाही पण तिथे त्याशिवाय इफ्तार पुरा होत नाही. अजान झाली की आधी खजूर आणि पाणी, मग मंडळी नमाजाला जातात, आणि खरं जेवण त्यानंतर, म्हणून पहिल्याच फेरीत पोट भरू नका. बायका-पुरुष बऱ्याचदा वेगळ्या खोल्यांत बसतात. शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा, कारण सूपमध्ये आणि हरीसमध्ये (गव्हाचा घोटलेला पदार्थ) हमखास मांस असतं. कहवा, म्हणजे तिथली कॉफी, उजव्या हाताने घ्या आणि नको असेल तेव्हा रिकामा कप हलकेच डावी-उजवीकडे हलवून परत द्या, नाहीतर यजमान ओततच राहतो, तुम्ही कितीही "बस बस" म्हणा. जाताना काजूकतली किंवा सुकामेवा न्या, दारू घातलेली चॉकलेटं चुकूनही नको.

महिन्याच्या मध्यावर करनकशो असतो, पोरं नटूनथटून गाणी म्हणत दारोदार येतात, घरात गोळ्या-शेंगदाणे आणून ठेवा.

सुलतान कबूस मशीद बघायची असेल तर मुस्लिमेतरांना सकाळी आठ ते अकरा, शुक्रवारी नाही, आणि बायकांनी केस, हात, पाय पूर्ण झाकायचे. मस्कतमधला मत्रहचा जुना बाजार मात्र रात्रीच बघा, दिवसा निम्मी शटरं खाली.

परतीचं तिकीट ईदच्या आसपास अजिबात काढू नका. चंद्र दिसला की ईद, त्यामुळे एक दिवस इकडे-तिकडे होतोच आणि सुट्ट्या त्यावर ठरतात. शाळेकडून तारीख नक्की झाल्यावरच बुक करा, आणि पैसे थोडे जास्त गेले तरी तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या.